जुनी मसल कार का तापते? नवा रेडिएटर घेण्याआधी क्रमाने काय तपासायचं

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' भरते. १९९५ पासून हा मेळा चालू आहे. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅक शहरापर्यंत जुन्या गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, ऊन डोक्यावर असतं, आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादी शेव्हेल, एखादी मस्टँग, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली ताकदवान व्ही-८ इंजिनची 'मसल कार', बॉनेट उघडून कडेच्या हिरवळीवर उभी दिसते. मिशिगनमध्ये मोटार उद्योगात काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत आणि त्यातल्या काहींना या गाड्यांचा नाद लागतो. गाडी घरी आली की पहिल्या उन्हाळ्यातच प्रश्न येतो: हिला थंड कसं ठेवायचं?

याला दहातले नऊ जण एकच उत्तर देतात, मोठा अ‍ॅल्युमिनिअमचा रेडिएटर टाक. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. रेडिएटर सगळ्यात शेवटी बदलायचा. १९६७ सालची गाडी घ्या, कारखान्यातून निघाली तेव्हा ती टेक्सस आणि अ‍ॅरिझोनाच्या उन्हातही रोज चालत होती. आज ती तापते, म्हणजे मधल्या वर्षांत काहीतरी बदललं, झिजलं, बुजलं किंवा कुणीतरी काढून टाकलं. ते शोधायचं. त्यासाठी पैसे कमी आणि पद्धत जास्त लागते.

आधी खात्री करा: गाडी खरंच तापते आहे का?

या काळातल्या व्ही-८ इंजिनांमध्ये साधारणपणे १८० किंवा १९५ अंश फॅरनहाइटचा, म्हणजे ८२ किंवा ९० अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला उघडून पाण्याला वाट देणारी झडप) असायचा. त्यामुळे चालत्या गाडीत १८० ते २१० फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान झालं. ट्रॅफिकमध्ये काटा २१५ वर गेला, तिथे थांबला आणि गाडी हलल्यावर खाली आला, तर ती गाडी निरोगी आहे. काटा कुठेच न थांबता चढत राहतो किंवा कूलंट बाहेर फेकलं जातं, तेव्हा गाडी तापते म्हणायचं.

गेजवर आंधळा विश्वास ठेवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅट हाउसिंगवर तापमान मोजा. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं, कमी तापमान दाखवतं, म्हणून तिथे आधी काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा. सेन्सर बदलताना वेगळ्याच गेजसाठी बनवलेला बसला असेल तरी काटा चुकतो. साठच्या दशकातल्या फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या गेजना सुमारे ५ व्होल्ट पुरवणारा एक छोटा रेग्युलेटर असतो. तो बिघडला की सगळेच काटे वर जातात. तापमानाबरोबर पेट्रोलचा काटाही टाकीत आहे त्यापेक्षा जास्त दाखवत असेल, तर इंजिनला हात लावायच्या आधी हा रेग्युलेटर पाहा.

अजून एक गल्लत नेहमी होते. गरम गाडी बंद केली, दहा मिनिटांनी चालू करायला गेलो आणि ती चालूच होईना, की लोक म्हणतात इंजिन तापलं. बहुतेक वेळा तिथे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळलेलं असतं. अमेरिकेतल्या आजच्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असतं आणि ते लवकर वाफाळतं. कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर घातला आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब नेली की हा त्रास कमी होतो. कूलिंगशी त्याचा संबंध नाही.

मुख्य प्रश्न: कधी तापते?

हे एकदा नीट पाहिलं की अर्धं काम झालं. एकाच दिवशी दोन परीक्षा घ्या. गाडी पूर्ण गरम झाल्यावर सावलीत उभी करून वीस मिनिटं आयडलिंगवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू, ठेवा आणि काटा पाहा. मग हायवेवर ताशी ६० ते ६५ मैलांनी तेवढाच वेळ चालवा.

उभी असताना तापते आणि पळताना थंड होते: दोष हवेत किंवा इग्निशन टायमिंगमध्ये (ठिणगी पडायच्या वेळेत). उभी असताना ठीक आणि हायवेवर तापते: दोष पाण्याच्या प्रवाहात, रेडिएटरच्या ताकदीत किंवा पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणात. दोन्हीकडे तापते आणि पाणीही कमी होत जातं: रेडिएटरची कॅप, गळती किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील).

यामागचं कारण सोपं आहे. ताशी ३५-४० मैलांच्या पुढे गाडीच्या वेगानेच रेडिएटरमधून भरपूर हवा जाते, फॅन असला काय आणि नसला काय. त्याखाली सगळा भार फॅनवर. उलट हायवेवर इंजिन जास्त पेट्रोल जाळतं आणि त्या उष्णतेतला मोठा वाटा पाण्यातून बाहेर काढावा लागतो. तिथे पाणी कमी पडलं की हवा कितीही असून उपयोग नाही.

उभी गाडी तापते: फॅनपासून सुरुवात

सर्वात आधी फॅन श्राउड आहे का ते पाहा. फॅनभोवतीचं हे प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं कडं अनेक गाड्यांतून गायब झालेलं असतं. कधी वॉटर पंप बदलताना काढलं आणि परत लावलंच नाही, कधी ते तडकलं. श्राउड नसला की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. मला विचाराल तर गाडीत श्राउड नसेल तेव्हा पुढचं काहीही तपासू नका. आधी तो आणा.

श्राउड असेल तर फॅनची जागा मोजा. पात्यांची साधारण अर्धी रुंदी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर हवी. पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असेल तर ओढ कमी होते. पात्यांची टोकं आणि श्राउड यांत अर्धा ते एक इंच अंतर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर इंजिन हललं की पातं घासतं.

मग फॅन क्लच, म्हणजे फॅनला इंजिनशी गरजेप्रमाणे कमी-जास्त जोडणारा भाग. इंजिन बंद आणि गरम असताना फॅन हाताने फिरवून पाहा. थोडा अडकत, जड फिरला पाहिजे. टिचकी मारल्यावर तीन-चार फेऱ्या मोकळ्या घेत असेल तर क्लच गेला. त्याच्या मध्यावर तेलाचे ओघळ दिसले तरी तोच निष्कर्ष. पातळ पत्र्याचे जुने फ्लेक्स फॅन मात्र मला अजिबात पसंत नाहीत. वर्षानुवर्षं वाकून त्यांच्या पात्यांना मुळाशी तडे जातात आणि पातं सुटलं तर ते बॉनेट फाडून बाहेर येऊ शकतं. तसा फॅन असेल तर इंजिन चालू असताना त्याच्या रेषेत उभं राहू नका, आणि लवकरात लवकर तो काढून कारखान्यासारखा क्लचचा फॅन लावा.

इलेक्ट्रिक फॅन लावू का, असं पुष्कळ जण विचारतात. लावता येतो, पण हिशेब करा. त्या काळच्या साध्या गाड्यांचा अल्टरनेटर ३७ ते ५५ अँपिअरच्या घरातला. चांगला इलेक्ट्रिक फॅन एकटाच २० ते ३० अँपिअर खातो. रात्री हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की बॅटरी उतरायला लागते, फॅनचा वेग पडतो आणि ज्यासाठी फॅन लावला तेच घडतं. अल्टरनेटर आणि वायरिंग बदलायची तयारी नसेल तर मूळ फॅनच बरा.

रेडिएटर आणि त्याच्या चौकटीमधल्या फटी बुजवणाऱ्या रबरी पट्ट्याही पाहा. हवा नेहमी सोपी वाट धरते. फट असेल तर ती रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे पानं, किडे आणि धूळ साचलेली असते, ती समोरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या दाबाने पाणी मारा.

टायमिंग: सर्वात दुर्लक्षित कारण

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण फॅन, श्राउड, रेडिएटर सगळं नवं घालूनही उभ्या गाडीत काटा चढतच राहतो तेव्हा दोष पुष्कळदा इथे निघतो.

आयडलिंगला सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं. त्यामुळे ठिणगी लवकर पडायला हवी. उशिरा पडली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही मिश्रण जळतच असतं आणि ती आग एक्झॉस्ट पोर्टमध्ये जाते. पोर्टच्या भिंतींभोवती पाणी खेळतं. म्हणजे जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची, ती थेट तुमच्या कूलंटमध्ये उतरते.

डिस्ट्रिब्युटरवरची व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची डबी याचसाठी आहे. तिची नळी इनटेक मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडली तर आयडलिंगलाही ठिणगी लवकर पडते. कार्ब्युरेटरवर थ्रॉटलच्या वर असलेल्या पोर्टला जोडली तर आयडलिंगला तिला व्हॅक्यूमच मिळत नाही. १९६६ पासून कॅलिफोर्नियात आणि १९६८ च्या मॉडेलपासून देशभर धुराचे नियम आले. ते पाळण्यासाठी कंपन्यांनी आयडलिंगची ठिणगी मुद्दाम उशिरा केली. गरम एक्झॉस्टमध्ये न जळलेलं पेट्रोल जळून जातं, हा त्यामागचा विचार. मात्र त्याच कंपन्यांनी अनेक मॉडेलांत पाण्याच्या वाटेवर एक तापमानाचा स्विच बसवला. पाणी फार तापलं की तो डबीला पूर्ण मॅनिफोल्ड व्हॅक्यूम देतो, ठिणगी पुढे येते, इंजिनचा वेग थोडा वाढतो आणि पाणी थंड होऊ लागतं. ठिणगी पुढे आणली की इंजिन थंड होतं, हे कारखान्यालाही माहीत होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

आता प्रत्यक्ष काम. आधी टायमिंगची खूण खरी आहे का ते ठरवा. क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरमध्ये बाहेरचं कडं रबरावर बसलेलं असतं. पन्नास वर्षांत रबर सुटतं, कडं सरकतं आणि खूण खोटी होते. पहिल्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा खिळा) घाला, क्रँक हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवा, दोन्ही वेळा खूण करा. त्या दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा वरचा बिंदू. हे करताना बॅटरीची तार काढून ठेवा.

मग व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा आणि सुमारे ३००० आरपीएमला एकूण अ‍ॅडव्हान्स, म्हणजे वरच्या बिंदूच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, मोजा. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकला (छोट्या आकाराच्या व्ही-८ घराण्याला) ३४ ते ३६ अंश सहसा मानवतात. इतर इंजिनांसाठी त्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा धरा. यानंतर नळी मॅनिफोल्ड व्हॅक्यूमला जोडा. आयडलिंग वाढेल, ते स्क्रूने पुन्हा खाली आणा. चढावर थोडा थ्रॉटल देऊन चालवा आणि कान द्या. खडखड ऐकू आली तर अ‍ॅडव्हान्स जास्त झाला. तो कमी करा, कारण ती खडखड पिस्टन फोडते.

मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) बसवलेल्या इंजिनात आयडलिंगचा व्हॅक्यूम कमी असतो. तिथे साधी डबी अर्धवट ओढते, सोडते, आणि इंजिन डगमगतं. तुमच्या आयडलिंगच्या व्हॅक्यूमपेक्षा निदान दोन इंच (पाऱ्याच्या मापाने) कमी व्हॅक्यूमला पूर्ण ओढणारी डबी मागवा.

हायवेवर तापते: पाणी कुठे अडतं?

पहिला संशय खालच्या होजवर. पंप रेडिएटरमधून पाणी याच होजने खेचतो. होज मऊ पडला असेल तर वेगात आतल्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणी थांबतं. गाडी उभी असताना सगळं ठीक दिसतं, म्हणून हे सापडत नाही. बॉनेट उघडून, पट्टे आणि फॅन यांपासून लांब राहून, कुणाला तरी इंजिन ३००० आरपीएमवर धरायला सांगा आणि होजकडे पाहा. चपटा होत असेल तर नवा घ्या, आत स्प्रिंग असलेला.

दुसरा संशय रेडिएटरच्या नळ्यांवर. इंजिन गरम करून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या पूर्ण पृष्ठभागावरून फिरवा. आसपासच्या भागापेक्षा एखादा पट्टा अचानक थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. वरच्या आणि खालच्या होजच्या तापमानातला फरकही बोलका असतो. फरक खूप मोठा असेल तर पाणी हळू वाहतं आहे. फरक जेमतेम असेल आणि तरी इंजिन तापत असेल तर रेडिएटर उष्णता सोडत नाही, म्हणजे हवा कमी किंवा जाळी बुजलेली.

वॉटर पंपाच्या आतली पंख्याची चकती गंजून खाल्लेली असू शकते. बाहेरून गळती नसली तरी. रेसिंगसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या पुली पंप हळू फिरवतात. रस्त्यावरच्या गाडीत त्यांना जागा नाही.

कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ असेल तर हायवेवर तापमान वाढतं. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण आणखी थोडं पातळ होतं. स्पार्क प्लग काढून पाहा. पांढरे फटक दिसले तर जेट एक-दोन नंबरांनी वाढवा. एक्झॉस्टमधला हीट रायझर व्हॉल्व्ह (थंड इंजिनात गरम धूर इनटेककडे वळवणारी झडप) बंद स्थितीत गंजून बसला असेल तर एका बाजूचा धूर अडकून इनटेक भाजतो. तो हाताने हलतो का, एवढं पाहिलं की पुरे.

कॅप आणि कूलंट

रेडिएटरची कॅप ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरली जाणारी वस्तू आहे. दर १ पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण ३ अंश फॅरनहाइटने वाढतो. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि १५ पीएसआयची कॅप असली तर उकळी सुमारे २६५ फॅरनहाइटला, म्हणजे १२९ सेल्सिअसला येते. कॅपची स्प्रिंग थकली की हे सगळं संरक्षण जातं. मूळ आकड्याचीच नवी कॅप घ्या. जास्त दाबाची घातली तर जुना हीटर कोअर (गाडीच्या आतल्या हीटरची गरम पाण्याची जाळी) फुटून सगळं कार्पेट भिजेल.

ग्लायकॉल जितकं जास्त तितकं थंड, हा समज खोटा आहे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. मिशिगनच्या थंडीसाठी निम्मं प्रमाण लागतं, त्याहून जास्त घालू नका. पाणी डिस्टिल्ड वापरा. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचा हिरवा कूलंट चांगला. दोन प्रकार एकत्र करू नका. काढलेला कूलंट गोडसर लागतो म्हणून कुत्री-मांजरं तो पितात आणि मरतात. तो लगेच झाकणाच्या डब्यात भरा आणि संकलन केंद्रात द्या.

साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांना ओव्हरफ्लोची बाटली नव्हती. त्यात रेडिएटर काठोकाठ भरला की गरम झाल्यावर थोडं कूलंट बाहेर पडणारच. थंड असताना तोंडापासून साधारण इंचभर खाली पातळी ठेवा. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

थर्मोस्टॅट इंजिनचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. त्यामुळे १९५ च्या जागी १६० चा घातल्याने तापणारी गाडी बरी होत नाही. काटा वर चढायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. काढून टाकला तर इंजिन थंडीत गार राहून झिजतं. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये दाब टिकतो आणि गरम जागी वाफेचे बुडबुडे कमी होतात, तो फायदाही जातो. पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोरीने लोंबकळत ठेवा, थर्मामीटर बुडवा आणि कधी उघडतो ते पाहा. उघडला नाही किंवा अर्धाच उघडला तर नवा आणा.

बांधलेल्या इंजिनातले दोष

इंजिन पुन्हा बांधल्यापासून गाडी तापते असं असेल तर प्रत्येक घराण्याचा एक ठरलेला दोष आधी पाहा.

फोर्ड स्मॉल ब्लॉक, म्हणजे २८९ किंवा ३०२ (हे आकडे घन इंचांतलं आकारमान): हेड गॅस्केट उलटं बसलेलं असू शकतं. या इंजिनात पाणी ब्लॉकमधून मागे जाऊन तिथून हेडमध्ये चढतं आणि पुढे येतं. गॅस्केट उलटं असेल तर पाणी पुढच्या पुढेच चढतं आणि मागचे सिलिंडर भाजतात. हेड न उघडता हे ओळखता येतं. गॅस्केटचा चौकोनी कोपरा दोन्ही बाजूंना पुढच्या टोकाशी बाहेर दिसला पाहिजे.

शेव्हरोलेचं १९७० साली आलेलं ४०० स्मॉल ब्लॉक: त्यातले सिलिंडर एकमेकांना चिकटलेले आहेत, मधे पाणी नाही. तिथली वाफ निघायला ब्लॉक, गॅस्केट आणि हेड तिन्हींत छोटी भोकं लागतात. ३५० ची हेडं तशीच बसवली, भोकं पाडली नाहीत, तर वाफ अडकते.

पाँटिअ‍ॅक व्ही-८: वॉटर पंपामागे पत्र्याची एक विभाजक प्लेट असते. पंपाची चकती आणि ती प्लेट यांतलं अंतर जास्त राहिलं की पंप पाणी ढकलण्याऐवजी जागच्या जागी फिरवतो. नवा पंप बसवताना हे अंतर मोजून प्लेट जवळ आणावी लागते.

सगळ्याच ब्लॉकमध्ये गंज आणि ओतकामाची वाळू मागच्या सिलिंडरांच्या तळाशी बसते. ती रेडिएटर धुऊन निघत नाही. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढा. प्लग काढूनही पाणी येत नसेल तर गाळ तिथेच आहे. तारेने टोचून तो मोकळा करा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट दिशेने धुवा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.०६० इंच वाढवलेल्या ब्लॉकच्या भिंती पातळ झालेल्या असतात. अशा इंजिनात वरचं प्रत्येक काम चोख हवं.

हेड गॅस्केट फुटल्याची शंका असेल तर ब्लॉक टेस्टर वापरा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्याच्या निळ्या द्रवातून ओढली आणि तो पिवळा झाला, तर सिलिंडरमधला धूर पाण्यात येतो आहे.

आणि मग रेडिएटर

एवढं सगळं ठीक असूनही तापत असेल, तर रेडिएटर कमी पडतो आहे. बहुतेक वेळा सहा सिलिंडरच्या किंवा छोट्या व्ही-८ च्या गाडीत नंतर मोठं इंजिन बसवलेलं असतं आणि रेडिएटर जुनाच राहतो. क्रायस्लरच्या गाड्यांत २२ इंची आणि २६ इंची असे दोन रेडिएटर येत. मोठ्या इंजिनाला २६ चाच हवा. मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर कारागिराकडून नवा कोअर घालून घ्या, किंवा एक इंच रुंद नळ्यांच्या दोन ओळींचा चांगला अ‍ॅल्युमिनिअमचा घ्या. ओळी मोजत बसू नका. चार दाट ओळींतून फॅनला हवा ओढणं जड जातं. नव्या रेडिएटरवर मूळ श्राउड बसतो का, हे पैसे देण्याआधी मोजा.

रस्त्यातच काटा चढला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. हीटर कोअर हा छोटा रेडिएटरच आहे. सिग्नलला गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरा, म्हणजे फॅन आणि पंप दोन्ही वेगात फिरतात. तरी काटा २३० च्या पुढे गेला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि बॉनेट उघडं ठेवा. कॅपला हात लावू नका. दाबाखालचं पाणी कॅप सैल होताच उकळतं आणि तोंडावर येतं. वरचा होज दाबून मऊ लागेपर्यंत थांबा, मग जाड फडका धरून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा आणि उरलेला दाब जाऊ द्या. पाणी घालायचं ते इंजिन थंड झाल्यावर. घाई असेलच तर इंजिन चालू ठेवून, बारीक धारेने. तापलेल्या ओतीव लोखंडावर एकदम गार पाणी पडलं की हेडला तडा जाऊ शकतो.